सिनेमातून गेलेलं दार

४ फेब्रुवारी

प्रिय आजी,

नमस्कार. फोन कानाला लावला की तुझं कानातलं यंत्र शिट्ट्या मारतं आणि तू मला "कोण, गॅसवाला का?" विचारतेस. तेव्हा आपलं पत्रच बरं.

बातमी अशी, की माहितीपटांचा महोत्सव यंदा फिरत फिरत तुमच्याकडे येतोय, बाजारामागच्या जुन्या थिएटरात. माहितीपट म्हणजे खरा सिनेमा. नट नाहीत, नाचगाणी नाहीत. खरी माणसं आपापलं काम करताना दिसतात. तुला खिडकीतून रिकामा रस्तासुद्धा बघायला आवडतो, म्हणजे हे आवडणारच. गुरुवारी दुपारी दीपगृहाच्या शेवटच्या रखवालदाराचा आहे, तो चुकवू नकोस. त्यात बोलणं फार नाही, समुद्रच आहे. शुक्रवारी सकाळी उंच इमारतींच्या काचा पुसणाऱ्या दोन बहिणींचा. रविवारी प्राणिसंग्रहालयातल्या हत्तिणीची नखं कापणाऱ्या बाईचा. तो बघताना हसशील.

शनिवारी संध्याकाळी मात्र जाऊ नकोस. त्या दिवशीचं सगळं लांबट आणि रडकं आहे. घरी आराम कर.

मला येता येणार नाही, दुसऱ्या एका महोत्सवासाठी बाहेरदेशी निघालेय. पत्र जुन्याच पत्त्यावर टाक, मैत्रीण पाठवून देईल. मामा-मामींना नमस्कार.

तुझी भिंगरी

१२ फेब्रुवारी, शुक्रवार

चि. भिंगरी हिला आजीचे पोटभर आशीर्वाद.

अगं, काय ते दीपगृह! मी आपली पहिल्या रांगेत जाऊन बसले, तर दारावरचा पोरगा म्हणतो आजी मागे बसा, मान दुखेल. म्हटलं माझी मान आहे, तू तुझी बॅटरी सांभाळ. यंत्र मात्र मला काढूनच ठेवावं लागलं. थिएटरातला आवाज त्यात शिरला की ते कोंबडीसारखं ओरडतं, आणि शेजारचे लोक माझ्याकडे बघतात. म्हणून पिशवीत टाकलं आणि नुसतं डोळ्यांनी पाहिलं. खालून अक्षरं जातात ती माझ्याच्यानं वाचून होत नाहीत. "तो" वाचेपर्यंत तो निघून गेलेला असतो. पण काही अडलं नाही बघ. तो रखवालदार दिवा पुसतो तेव्हा आपली जीभ अशी बाहेर काढतो, तुझे आजोबा कंदील पुसताना काढायचे तशी. मला रडू आलं आणि हसूही आलं. काचा पुसणाऱ्या बहिणींचं भांडण झालं असावं मधेच, कारण धाकटी दोरीवर लोंबकळत पाठ करून बसली. कशावरून झालं ते कळलं नाही. बहिणींना कारण लागत नाही म्हणा.

आता खरी गंमत ऐक. चोरटे, तू मला फसवत होतीस काय? शनिवारी जाऊ नको म्हणे, रडकं आहे म्हणे! आपला मागच्या दुकानातला शिंपीदादा काल धावत आला, थिएटरच्या भिंतीवर माझं तोंड लागलंय म्हणाला. मी म्हटलं, तुझा चष्मा बदल. जाऊन बघते तर खरंच मी! एवढी मोठी, दारापेक्षा उंच. खाली "आतली बाई" असं लिहिलंय आणि तुझं नाव. गेल्या उन्हाळ्यात कॅमेरा घेऊन महिनाभर माझ्या मागे मागे फिरत होतीस, ते हे होतं होय? मला वाटलं घरच्या आठवणीसाठी काढतेस.

तुझी मामी तर हवेतच आहे. वॉर्डात जाऊन तिनं सगळ्या नर्सबायांना सांगितलं, की आमच्या सासूबाई सिनेमात आल्या आणि तो मी वाढवलेल्या मुलीनं काढलाय. उद्याची ड्यूटी बदलून घेतली. दोन मैत्रिणी आणि त्यांची ती हेडबाईसुद्धा येणार. मला म्हणते, "आई, उद्या तरी तो भोकाचा स्वेटर घालू नका. लोक म्हणतील सून घालायला देत नाही." मी म्हटलं, "म्हणू दे की." तर म्हणते, "तुमचं तोंड आहे की पिठाची गिरणी? बंदच होत नाही." असं आमचं चाललंय.

उद्याचं कळवते.

तुझी आजी

१४ फेब्रुवारी

चि. भिंगरी हिला आशीर्वाद.

पाहिला! भिंगरे, मी केवढी छान दिसते गं! माझे हात एवढे मोठे दिसले, की सुरकुत्यांत शेत पेरावं. खिडकीपाशी बसलेली, ताटातलं हळूहळू जेवणारी, केस विंचरणारी. आपली मामी दारात पर्स खांद्याला लावून कुलूप घालते, तेही आलं. किल्ली फिरते तेव्हा केवढी मोठी दिसली ती किल्ली, माझ्या छातीत धडकी भरली. तू फार कसबी झालीस. मधे मधे पडदा काळा होत होता, तेव्हा तू बोलत असशील बहुतेक, कारण लोक अगदी चिडीचूप बसलेले. यंत्र पिशवीतच होतं. मी शेजारी मामीला कोपरानं ढोसून म्हणत होते, "बघ बघ, तुझी पर्स!" तिला माझं बोलणं ऐकू गेलं नसावं.

मग ती मधेच उठून बाहेर गेली. डोकं दुखत असेल, डबल ड्यूटी झाली होती तिची. तिच्या मैत्रिणीही मागोमाग गेल्या. हेडबाई मात्र शेवटपर्यंत बसली होती. दिवे लागल्यावर तिनं माझे दोन्ही हात हातात घेतले आणि काहीतरी बोलली. मी आपलं हो हो केलं. माणूस कौतुकानं बोलतं तेव्हा हो म्हणायला काय जातं?

बाहेर लोकांनी मला घेरलं. एका बाईनं गळ्यात पडून रडून घेतलं. एवढा मान मला लग्नातसुद्धा मिळाला नव्हता.

एकच विचारायचं होतं. शिंपीदादाकडचं तू एवढं काढलं होतंस, मी कपड्यांचे कच्चे टाके उसवते ते, त्याच्या बायकोची नक्कल करते ते. ते काही दिसलं नाही. मला डुलकी लागली असेल त्या वेळी.

मामी घरी येऊन जी झोपली ती जेवायलाही उठली नाही. बरी होईल.

तुझी आजी

२३ फेब्रुवारी

प्रिय आजी,

तुझी दोन्ही पत्रं एकदमच हातात पडली. तुला आवडला हे वाचून जीव भांड्यात पडला. तुला मुद्दामच सांगितलं नव्हतं. स्वतःला पडद्यावर बघून माणसं दचकतात.

यंत्र काढून ठेवलंस ते उत्तम केलंस. थिएटरातला आवाज कानाला वाईटच. आणि माझं बोलणं तसं काही महत्त्वाचं नाही, चित्रंच खरी. पुन्हा बघायच्या फंदात पडू नकोस, एकदा बघितला तेवढा पुरे.

मामी काय म्हणाल्या? म्हणजे सिनेमाबद्दल काही बोलल्या का? आणि मामा? ते आले होते का? जमलं तर नीट आठवून लिही.

इथे आपल्या सिनेमाला मोठं पारितोषिक मिळालं. परीक्षकांनी तुझ्या चेहऱ्याचं फार कौतुक केलं. महोत्सवाचे काही खेळ तुमच्याकडे लोकाग्रहास्तव परत होणार आहेत असं ऐकते. तेव्हा हत्तिणीचा राहिला असेल तर तो बघ. तसाच एक नवा आलाय, जुने पियानो जुळवणाऱ्या आंधळ्या माणसाचा. फार गोड आहे. त्यांच्या वेळा मी मैत्रिणीला विचारून कळवते. दुसरं काही बघू नकोस.

तुझी भिंगरी

३ मार्च

चि. भिंगरी हिला आशीर्वाद.

पारितोषिकाचं वाचून शिंपीदादाला सांगितलं. तो हूं म्हणाला आणि मशीन चालवायला लागला. त्याला हेवा वाटत असेल, त्याचा भाग कापलास ना तू.

मामी काय म्हणाली विचारतेस. काहीच म्हणाली नाही. तेच तर कळत नाही मला. भिंगरे, घराला काहीतरी झालंय. दाराचं कुलूप काढून टाकलं. मी म्हटलं, अगं मला ना बेल ऐकू येते ना दार वाजलेलं, मागे तो चादरी विकणारा सरळ माझ्या खाटेपर्यंत आला होता आणि मी भीतीनं पाणी पाणी झाले होते, विसरलीस का? तेव्हा मीच तर तुला म्हटलं होतं बाहेरून कुलूप घालून जा, मला काय, मागचं दार आहे, आतून कडी काढली की शिंपीदादाचं दुकान. तर म्हणते, "नको आई. लोक बघतात." आता दिवसभर एक बाई आणून बसवलीय माझ्याजवळ. ती मोबाईल बघते आणि मी तिला बघते.

मामी मला ताट वाढते, औषध देते, पाणी ठेवते, सगळं अगदी इस्पितळातल्यासारखं. मी काही बोलले की "हो आई." परवा मी मुद्दाम तो भोकाचा स्वेटर घातला. तिनं पाहिलं आणि नवा स्वेटर आणून पायाशी ठेवला, बस्स. माझं तोंड गिरणी आहे असं गेल्या कित्येक दिवसांत ती म्हणालेली नाही. आधी आम्ही एका ताटलीत भाजलेले शेंगदाणे घेऊन टीव्हीवरच्या बायकांना नावं ठेवायचो. आता ती खोलीत बसते. तुझ्या मामाला विचारलं तर म्हणतो, "आई, तू त्यात पडू नकोस." कशात पडू नको ते सांगत नाही. तोंड वळवून पाण्याच्या पंपावर कामाला जातो.

मला वाटतं वॉर्डात काहीतरी झालंय. हेडबाईनं तिला म्हाताऱ्यांच्या वॉर्डातून काढून कपड्यांच्या कोठीत टाकलंय, एवढं कळलं.

ते जाऊ दे. तुझा सिनेमा शुक्रवारी परत दाखवणारेत. तू नको म्हणालीस, पण मला तुझा आवाज ऐकायचाय गं. किती महिने झाले ऐकून. शिंपीदादानं यंत्रात नवा सेल घालून दिलाय आणि आवाजाचं चाक कसं बारीक करायचं ते शिकवलंय. तो येत नाही म्हणाला. त्या बसवलेल्या बाईला घेऊन जाते.

तुझी आजी

६ मार्च

भिंगरी,

ऐकला तुझा आवाज.

चाक बारीक केलं होतं म्हणून सगळं स्वच्छ ऐकू आलं. किल्ली फिरते तेव्हा तू म्हणतेस, रोज सकाळी माझ्या आजीला तिच्याच घरात कोंडलं जातं. मी खिडकीशी बसलेली असते तेव्हा म्हणतेस, ती दिवसभर एका शब्दाची वाट बघते. मी कुल्फीवाल्याची वाट बघत होते गं! तूच तर मला दोन मिनिटं तशीच बस म्हणालीस, उजेड छान आहे म्हणून. एकटी जेवते ते दाखवलंस. त्या दिवशी मामी समोरच बसली होती. तुझ्या कॅमेऱ्यात येते म्हणून तूच तिला उठवलंस, आणि ती बिचारी ताट घेऊन ओट्यापाशी उभी राहून जेवली.

आणि माझं मागचं दार कुठे गेलं? तू माझ्याबरोबर त्या दारातून रोज यायचीस. शिंपीदादाच्या फळीवर बसून पाय हलवायचीस. मी डोळे फाडून बघत होते, आता येईल, आता येईल. संपला सिनेमा.

दिवे लागले तशी मी उभी राहिले. आयुष्यात कधी चार माणसांत बोलले नाही, पण बोलले. म्हटलं, हे खोटं आहे. मला कुणी कोंडत नाही, मागे दार आहे, ते हिनं दाखवलं नाही. माझी सून लाखात एक आहे. काय झालं असेल सांग. टाळ्या! लोक उठून टाळ्या वाजवायला लागले. रडायला लागले. एक मुलगी माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "बिचारी, अजून सुनेलाच सांभाळून घेतेय." दुसरी म्हणाली, "घाबरलेली असतात हो." मी ओरडून सांगत होते आणि ते मान हलवत होते. पालथ्या घड्यावर पाणी.

घरी येऊन मामीला म्हटलं, मला तुझ्या हेडबाईकडे घेऊन चल, मी सांगते. ती म्हणाली, "नका आई. म्हणतील, हिनंच पढवून आणलं." एवढंच बोलली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. तेव्हा मला कळलं, की त्या दिवशी अंधारात ती शेजारी बसून हे सगळं ऐकत होती आणि मी तिला कोपरानं ढोसत होते, बघ बघ तुझी पर्स.

तुझी आई गेली तेव्हा तू एवढीशी होतीस. रात्रपाळी करून आलेली मामी सकाळी डोळे मिटत मिटत तुझ्या वेण्या घालायची. एक वेणी वर, एक खाली व्हायची आणि तू रडायचीस. ते तुझ्या लक्षात असेल.

माझं आता कुणी ऐकणार नाही. तू माझ्या तोंडाला कुलूप घातलंस. ते काढायचं तर तुलाच काढावं लागेल. ते मागचं दार सिनेमात परत घाल. नाहीतर उभी राहून सांग, की होतं आणि मी कापलं. हेडबाईला चिठ्ठी लिही. काहीही कर, पण कर.

आजी

१६ मार्च

प्रिय आजी,

तुझं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. तुला आणि मामींना त्रास झाला त्याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पण माझी बाजूही ऐक. पहिल्यांदा जोडला तेव्हा मागचं दार सिनेमात होतं, शिंपीदादाही होता. ज्यांच्याकडे मी काम शिकते त्या बाईंनी बघितला आणि म्हणाल्या, छान आहे, पण यात गोष्ट कुठे आहे? एक आनंदी म्हातारी घरात राहते, मग पुढे? चार महोत्सवांकडून नकार आला. मग ते दार काढून पाहिलं, आणि अचानक सगळं उभं राहिलं. आजी, मी एकही चित्र खोटं काढलं नाही. कुलूप होतंच. ते बघून कितीतरी बायकांनी मला लिहिलंय, की ही आमची गोष्ट आहे. त्यांच्यासाठी तरी ते खरं आहेच ना?

पारितोषिक मिळालेला सिनेमा आता बदलता येत नाही. तो पुढे अनेक ठिकाणी जाणार आहे. आणि मी जाहीरपणे काही बोलले तर माझं पुढचं सगळं काम संपेल. तुझ्या भिंगरीचं वाईट व्हावं असं तुला वाटणार नाही, हे मला माहीत आहे.

मला एक सुचलंय. मी सुट्टीत येते, कॅमेरा घेऊन. या वेळी मामींची बाजू घेऊ. त्या सिनेमानंतर घरात काय झालं, ते सगळं. दुसरा भाग. त्यात मागचं दारही दाखवू. मामींना विचारून ठेवशील? हेडबाईंना नंतर सावकाश लिहीन.

पियानो जुळवणाऱ्याचा खेळ रविवारी दुपारी आहे. नक्की बघ, मन हलकं होईल.

तुझी भिंगरी

२५ मार्च

भिंगरी,

तुझं पत्र मामीला वाचून दाखवलं. लपवायचं काय? ती ऐकून घेऊन म्हणाली, "येऊ दे तिला. पलंगावर धुतलेली चादर घालते." मी विचारलं, "कॅमेऱ्याचं काय?" म्हणाली, "तुम्ही म्हणाल तसं, आई."

त्या पियानोवाल्याला बघायला गेले होते. गोड असेल. मला काही गोड लागला नाही. तो आंधळा माणूस एकटा जिना उतरत होता, सगळं थिएटर हळहळत होतं, आणि मी आपली शोधत होते की ह्याचा हात धरणाऱ्याला कुणी बाजूला उभं केलंय. आता मी खरा सिनेमा बघायला जायची नाही. तेव्हा यापुढे मला कुठला बघ आणि कुठला बघू नको ते लिहू नकोस.

त्या बायकांचं तू लिहिलंस. असतील गं, कोंडलेल्या असतील, मी नाही कुठे म्हणते? मग त्यांच्याकडे जायचं होतंस. त्यांच्या घरी तुला कुणी वेण्या घातल्या नव्हत्या, तिथे शिरायला अवघड गेलं असतं. आमचं दार तुला उघडं होतं. कुंपणानं शेत खावं तसं झालं. कुणाला सांगू? आपलेच दात, आपलेच ओठ.

हेडबाईला तू लिहिणार नाहीस, हे मला कळलं. सावकाश म्हणजे कधीच नाही, एवढं फार न शिकताही कळतं. मामा लिहिणार होता, मामीनं कागद काढून घेतला. तिनं कोठीतल्या कामाला आता स्वतःच हो म्हटलंय. तिथे चादरी मोजायच्या असतात, कुणाचा हात धरावा लागत नाही.

काल मी एक केलं. मामी कामावरून यायच्या वेळेला न्हाणीघरातला नळ सोडून ठेवला. पूर्ण. पाणी बाहेरच्या खोलीत आलं, तिची चप्पल तरंगायला लागली, टीव्हीच्या वायरीपर्यंत ओल गेली. बसवलेल्या बाईला मी मुद्दाम दुकानात धाडलं होतं. म्हटलं आता येईल आणि घर डोक्यावर घेईल. "आई, डोकं ठिकाणावर आहे का? घराचं तळं केलंत!" असं म्हणेल, आणि मी म्हणेन तुझ्या नवऱ्याच्या पंपाचंच पाणी आहे, विकतचं नाही. मग ती चिडून हसेल. तिला हसू दाबता येत नाही, तुला माहीतच आहे. मी यंत्रात सेल घालून, चाक मोठं करून, खुर्चीत तयार बसले होते.

ती आली. दारात थांबली. पर्स टेबलावर ठेवली, आत जाऊन नळ बंद केला. फडकं घेतलं आणि गुडघे टेकून सगळी फरशी कोपऱ्याकोपऱ्यातून पुसली. मला पाय वर घ्यायला सांगितले, मी घेतले. पुसून झाल्यावर टॉवेल आणला, माझी पावलं मांडीवर घेतली आणि बोटांच्या मधे मधे कोरडी केली.

"थंडी नाही ना वाजली, आई?" म्हणाली.

तू येऊ नकोस. तिनं तुलाही असंच विचारलेलं मला बघवणार नाही.

आजी